भाऊंच्या शुभहस्ते

ती मादी होती आणि पोट भरून बसली होती. अ‍ॅनॉफिलीस जातीचा डास विसावतो तेव्हा त्याचं डोकं, छाती आणि पोट एका सरळ रेषेत येतं आणि मागची बाजू वर उचललेली राहते. भिंतीत तिरपी खुपसलेली टाचणी दिसावी तशी. हिचं पोट काळपट लाल होतं. म्हणजे रक्त आदल्या रात्रीचं, अर्धवट पचलेलं. बसायला तिनं भिंत निवडली नव्हती. मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक निवडलं होतं. त्या प्लास्टिकच्या आत, तिच्या पायांपासून नखभर अंतरावर, कीटकनाशक मुरवलेला धागा होता. पाय लागला असता तर ती मेली असती. मध्ये प्लास्टिक होतं, आणि ते फाडायला पुंडलिकभाऊंना सवड नव्हती.

मी चूषक नळीनं तिला ओढून घेतलं, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावला आणि खोलीबाहेर आले.

ही खोली आमच्या आरोग्य केंद्राचं प्रसूतिगृह. पांढरकवड्याहून जंगलाकडे वळणाऱ्या रस्त्यावर हे केंद्र आहे. आखाडात मच्छरदाण्यांचा ट्रक आला तेव्हा त्या ठेवायच्या कुठे, असा प्रश्न पडला. औषधांची खोली गळत होती. बैठकीच्या खोलीला दार होतं, कडी नव्हती. नीट कुलूप लागेल अशी जागा एकच निघाली. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," आमचे वैद्यकीय अधिकारी डॉ. काळबांडे म्हणाले. प्रसूतीचं टेबल भिंतीला सरकवलं गेलं आणि गठ्ठे छतापर्यंत रचले गेले. गरोदर बायकांना सगळ्यात आधी द्या, असा आदेश असलेल्या मच्छरदाण्यांनी गरोदर बायकांचीच खोली बळकावली, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. तेव्हापासून बाळंतपणाला आलेली प्रत्येक बाई केंद्राच्या एकुलत्या एक रुग्णवाहिकेत घालून पांढरकवड्याला रवाना होत होती. दोन दिवसांचा पोळा झाला, पोळ्याचे गणपती झाले.

सरकारी भाषेत माझं पद कीटक समाहारक. लोकांच्या भाषेत मी मच्छर पकडणारी मॅडम. गावोगाव जाऊन डास गोळा करायचे, जात ओळखायची आणि हिवताप कुठे वाढणार ते वर कळवायचं, हे माझं काम. मी कळवत होते. वर वाचत होते की नाही ते डासांनाच ठाऊक.

पुंडलिकभाऊंबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की ते त्या घडीला कुणीच नव्हते. बॅनरवर त्यांच्या नावाखाली 'माजी जिल्हा परिषद सदस्य' बारीक अक्षरात होतं आणि 'भावी आमदार' ठळक अक्षरात. मच्छरदाण्या सरकारच्या, ट्रक सरकारचा, खोली सरकारची. हात तेवढे भाऊंचे लागणार होते. ते कुणी ठरवलं, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. "तसं ठरलेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण तसंच असतं."

बॅनर आणला भाऊंच्या बंटीनं. बंटी तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, दोन मुलांचा बाप. पण भाऊंच्या पदरी राहिल्यामुळे त्याचा बंटीच राहिला. बॅनरवर भाऊ हात जोडून उभे होते. कोपऱ्यात लाल फुलीखाली एक डास छापलेला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला.

"हा डेंग्यूचा डास आहे," मी म्हटलं. "हिवतापाच्या डासाला असे पट्टे नसतात."

"राहू द्या ना मॅडम. पट्ट्यायवाला उठून दिसते."

"वाटप कधी आहे?"

"भाऊ टाइम देतीन तवा. घाई कायची हाय?"

"पावसाळा संपत आला. डास आत्ता वाढताहेत."

"मच्छर त दरसाल असतेत मॅडम," बंटी समजुतीच्या सुरात म्हणाला. "भाऊ काय दरसाल भेटते काय?"

मी डासांची वही उघडली.

तारीख पडायची आणि बदलायची. बदलली की बंटी बॅनरवरच्या तारखेवर कागदाची नवी पट्टी चिकटवायचा. गणपतीत भाऊंना आरत्या होत्या. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. पितृपक्षात शुभकार्य कसं करायचं? हिवताप रोखणं हे शुभकार्य आहे आणि म्हणून ते पंधरवडाभर करू नये, असा निष्कर्ष काढायला शिकलेली माणसं लागतात. ती आमच्याकडे होती.

त्या पंधरवड्यातच मथुराबाई सुनेला घेऊन आल्या. त्यांचं घर केंद्रापासून लांब नाही. नाल्याच्या काठावर बौद्ध वस्ती आहे, तिथं. सून उर्वशी, नववा महिना लागलेला. गेल्या वर्षी याच दिवसांत तिला थंडी वाजून ताप आला होता. तिच्या रक्ताची काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. फाल्सिपॅरम, हिवतापाच्या जातींमधला सगळ्यात वाईट. गर्भारपणात हा जंतू वारेत दबा धरून बसतो आणि मुलाच्या वाट्याचं त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. सातव्या महिन्यात उर्वशीला मेलेला मुलगा झाला. हे डॉक्टरांना माहीत होतं. दीपा सिस्टरला माहीत होतं. तिनंच ते मूल कापडात गुंडाळलं होतं.

"डॉक्टरसाहेब," मथुराबाई म्हणाल्या, "माह्या सुनेले एक मच्छरदानी देऊन टाका. बाकीच्यायले भाऊच्या हातानं द्या नाहीतर पायानं द्या, आमचं काही म्हननं नाही."

"आजी, घरी जुनी असेल ना एखादी?"

"हाय ना. फाटकी हाय, तेही अश्वजित जागलीले नेते. रानडुकरं लय होऊन राह्यले यंदा, रोज रातच्यानं वावरात मचानावर निजते पोरगा. त्याची काढून इले देऊ का? त्याले ताप आला त याच घरात येईन ना तो?"

मथुराबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण संसर्गाची साखळी कशी चालते हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"एक गठ्ठा फोडला की सगळे मागतील, आजी. आणि सध्या पितृपक्ष चालू आहे. घट बसले की लगेच भाऊ येणार आहेत."

"मच्छरायले सांगतलं का मंग, पितृपक्ष हाय म्हून?" मथुराबाईंनी पदर खोचला. "आमी बुद्धाची मानसं साहेब. आमच्या घरी पितर येत नाही जेवाले. मच्छरच येते रोज."

बाहेरच्या बाकड्यावरची दोन माणसं हसली. डॉक्टरही हसले. त्यांचा स्वभाव वाईट नाही, आणि त्यांची खरी अडचण तीच आहे. ज्याचा स्वभाव वाईट असतो त्याला निदान नाही म्हणता येतं.

"बघू," ते म्हणाले. "सोमवारी बघू."

"चला ना आई," उर्वशी उठत म्हणाली. "हे देत नाही." एवढंच ती त्या दिवशी बोलली.

त्या गेल्यावर मी डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिले. मच्छरदाण्या वाटायचा अधिकार कुणाचा, असं विचारलं. माझाच, ते म्हणाले. मग?

"मॅडम, तुम्ही डास पकडता. तुम्हाला माणसं सांभाळावी लागत नाहीत," ते म्हणाले. "भाऊंना डावलून वाटल्या तर महिन्याच्या आत माझी बदली होईल. मुलगी यवतमाळात, दहावीला आहे. आणि समजा वाटल्या, तर लोक वापरणार आहेत का? भाज्यांच्या वाफ्यावर टाकतील."

खोलीत कोंडलेल्या मच्छरदाण्यांचा उपयोग डास विसाव्यासाठी करत होते. त्यामानानं वाफा बरा, असं मला वाटलं. ते मुलीचं बोलले तेव्हा खरं बोलत होते आणि वाफ्याचं बोलले तेव्हा खोटं, हे त्यांनाही कळत होतं.

सोमवार आला आणि गेला. घट बसले. आता पितृपक्ष नव्हता, पण भाऊ दुर्गादेवीच्या मंडळांना भेटी देत फिरत होते. यवतमाळ जिल्ह्यात नवरात्रात मंडळं किती असतात हे ज्याला माहीत आहे त्याला भाऊंची अडचण कळेल. दिवसभर कितीही इकडे-तिकडे धावलं तरी एखादी देवी राहूनच जाते. बंटीनं बॅनरवर नवी पट्टी लावली: येत्या रविवारची.

त्याआधी आठवडी बाजाराचा दिवस आला. बाजार आमच्या फाटकासमोरच भरतो, त्यामुळे त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते. लोक वांगी घेतात, मिरची घेतात आणि जाता जाता खोकला दाखवतात. सकाळीच रुग्णवाहिका बाळंतपणाला आलेल्या प्रभावती नावाच्या एका बाईला घेऊन पांढरकवड्याला गेली होती. मी रक्ताच्या काचा रंगवत बसले होते. तेवढ्यात ऑटो फाटकातून आत आली, आणि ती थांबायच्या आत मथुराबाईंचा आवाज आला.

"सिस्टर! वो दीपाबाई! पानी गेलं हिचं!"

दीपानं उर्वशीला बाकड्यावरच तपासलं, कडेनं दोन बायकांना चादर धरायला लावून. मग हात धुवून ती डॉक्टरांकडे आली. दीपाला ओरडायची सवय नाही. तिला राग आला की आवाज खाली जातो.

"रुग्णवाहिका?" डॉक्टरांनी विचारलं.

"प्रभावतीला घेऊन गेली."

"मग याच ऑटोनं पाठवा पुढे."

"डोकं खाली आलंय सर. पाठवलं तर वाटेत होईल. नाही पाठवलं तर बाकड्यावर होईल. बाजारातली माणसं बघायला आहेतच."

"खोलीत गठ्ठे आहेत," डॉक्टर म्हणाले. जणू ही बातमी होती.

"गठ्ठ्यांना कळा येत नाहीत सर. त्यांना बाहेर उभं करता येतं."

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. "भाऊंना एकदा कानावर घालून..."

बाकड्यावरून उर्वशीचा आवाज आला. शब्द नव्हते. डॉक्टरांनी फोन ठेवला, खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. दीपाच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. विचारणाऱ्याला सांगता यावं की ती तिथं होती आणि कुणीतरी उचलली.

दीपानं उचलली.

त्यानंतरचं काम कुणीही हुकूम न देता झालं. ऑटोवाला, खोकला दाखवायला आलेली माणसं, एक वांगेवाला, सगळ्यांनी रांग धरली आणि गठ्ठे हातोहात व्हरांड्यात आले. ज्या कामाला आषाढापासून मुहूर्त मिळत नव्हता ते चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात झालं. मी टेबल ओढून मधे आणलं. त्यावर धुळीचा थर होता आणि उंदरांच्या लेंड्या होत्या. ब्लीचिंगच्या पाण्यानं दोनदा पुसलं. दीपानं निर्जंतुक साहित्याचा डबा उघडला, आणि सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं.

मथुराबाई दाराबाहेर जमिनीवर बसल्या. आत काय होतंय ते ऐकत राहिल्या. गेल्या वर्षी आतून मुलाचा आवाज आलाच नव्हता.

या वेळी आला. आधी खरखर, मग स्वच्छ, संतापलेला. मथुराबाईंनी दोन्ही हात जोडून डोळे मिटले. मग उघडले आणि मला म्हणाल्या, "मोठा आवाज हाय वं. सरपंच होते का काय."

मुलगी होती. वजन थोडं कमी, बाकी सगळं जागच्या जागी. उर्वशीच्या रक्ताची तपासणीची पट्टी मी लावली. एकच रेघ उमटली, म्हणजे हिवताप नाही. या खेपेला नशीब बरं होतं. त्याचं श्रेय आमच्यापैकी कुणी घेऊ नये.

"आता हे घरी नेऊ कशी?" मथुराबाईंनी विचारलं. "त्याच घरात, त्याच मच्छरायत?"

गठ्ठे ओढताना एक फाटला होता. मी त्यातली एक मच्छरदाणी काढली. नवी मच्छरदाणी लगेच वापरत नाहीत. आधी एक दिवस सावलीत, वाऱ्यावर टांगतात, नाहीतर डोळे चुरचुरतात. आत निजणाऱ्या बाळाचे तर नक्कीच. मी व्हरांड्याच्या खांबांना दोरी बांधली आणि ती टांगली. मग त्या फाटक्या गठ्ठ्यातल्या उरलेल्याही टांगल्या. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर सोमवार आला असता.

निळ्या मच्छरदाण्या वाऱ्यानं फुगल्या आणि बाजारातून दिसल्या. याचा विचार मी केला नव्हता.

सगळ्यात आधी तांड्यावरची रुपीबाई आली. टमाट्याचं दुकान नवऱ्यावर सोडून, ओचा सावरत.

"वाटून राह्यले काय वं बाई?"

"सुकवून राह्यलो," दीपा दारातून म्हणाली.

"सुकवल्यावर देनारच ना मंग." रुपीबाईनं पायातली चप्पल काढून पायरीपाशी ठेवली. "हा माहा नंबर."

तिच्या मागे दुसरी चप्पल आली. मग एक पिशवी, एक पाट्याएवढा दगड, पुन्हा चपला. माणसं आपापल्या सामानावर लक्ष ठेवून झाडाखाली बसली. बाजारात रिकाम्या जागा दिसायला लागल्या. बघता बघता रांग फाटकाबाहेर गेली. डॉक्टरांच्या मते जे लोक मच्छरदाण्या वाफ्यावर टाकणार होते, तेच त्यांच्यासाठी चपला काढून ताटकळत बसले होते. डॉक्टर खिडकीतून ते पाहत होते.

मोटारसायकल आली आणि बंटी उतरला.

"हे काय चालू हाय साहेब? गठ्ठे बाहेर काहून?" त्यानं टांगलेल्या मच्छरदाण्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "फोडले! भाऊच्या आधी फोडले!"

"बाळंतपण होतं," डॉक्टर म्हणाले. "खोली लागली."

"त बाळंतपन झालं ना? टाका मंग आत. ए, चला, हात लावा रे." कुणी हात लावला नाही.

"बाळंतीण आत आहे," दीपा म्हणाली. "तिच्या अंगावर रचू का?"

"सिस्टर, तुमी मधात नका बोलू. मी भाऊले लावतो." त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. भाऊंचा आवाज सगळ्यांनी ऐकावा असंच त्याला नेहमी वाटतं.

पलीकडे ढोल वाजत होते. बंटीनं सांगितलं ते भाऊंनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही. भाऊ मोठे आहेत.

"डॉक्टरसाहेब, अभिनंदन! काय झालं, पोरगा का पोरगी?"

"मुलगी, भाऊ."

"वा वा. लय चांगलं झालं. लेक वाचवा बी होऊन जाईन रविवारी, त्याच मंडपात. आता असं करा, गठ्ठे आत ठेवा. फाटले ते चिकटवून घ्या, वरून दिसलं नाही पायजे. अन त्या बाईले सुट्टी देऊ नका. रविवारपर्यंत ठेवा तिले तिथंच. मी आलो का पोरीसकट मच्छरदानीत बसवू, मस्त फोटो होते."

"पण भाऊ, गठ्ठे आत ठेवले तर तिला कुठे ठेवू?"

"ते तुमी बघा ना. व्हरांडा हाय, बाकडे हाय. गरिबाले काय लागते?" ढोल वाजत राहिले. "अन त्या लायनीतल्या लोकायले सांगा, रविवारी या म्हना. जेवन बी हाय. बुंदी ठेवतो."

रांगेतल्या लोकांनी हे ऐकलं. कुणी चप्पल उचलली नाही.

मथुराबाई दारात उभ्या होत्या, नात हातात घेऊन, तिचं तोंड पदरानं झाकून. भरदिवसा त्या पदराच्या कडेला एक डास घोटाळत होता आणि त्या दुसऱ्या हातानं त्याला हाकलत होत्या.

"साहेब," त्या डॉक्टरांना म्हणाल्या, आवाज न चढवता, "मागच्या सालचा पोरगा थांबला का रविवारपर्यंत?"

डॉक्टरांनी बंटीच्या हातातून फोन घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर धैर्य आलं असं मी म्हणणार नाही. मला ते दिसलं नाही. दिसला तो थकवा. गठ्ठे परत आत जाऊ शकत नव्हते, बाळंतीण बाहेर येऊ शकत नव्हती आणि माणसं फाटकातून हटणार नव्हती. सगळ्या पळवाटा दुसऱ्यांनीच बंद केल्यावर उरेल तेवढंच त्यांना करता येत होतं. त्यांनी घसा साफ केला. पलीकडच्या ढोलांमुळे त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं, म्हणून व्हरांड्यातल्या प्रत्येकानं त्यांचंही बोलणं ऐकलं.

"भाऊ," ते म्हणाले, "रविवारी येऊ नका. मच्छरदाण्या आज वाटतो आहे. मीच."